दुसऱ्या भागातली उडी

नंदनवन, नागपूर
जानेवारी १९७९

जिवलग दोस्त भैय्याजी,

रामाजीचा तुले पोटभर रामराम, आणि सिंधूताईले नमस्कार. चांद्याची हवा मानवली का गा? खोकला कसा आहे? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहून राहिलो, पण मी बिलकुल मजेत नाही. काल घरी पुरणपोळी होती आणि मी अर्धीच खाल्ली, यावरून काय ते समज.

झालं असं. तो इतवारीतला पितळी भांड्यांचा मधुसूदनशेठ, ज्यानं आपल्या आखाड्यातले चौघं धरून ‘चार भाडोत्री’ नावाचा पिक्चर काढला होता, तो तुले आठवतच असेल. (काहून नाही आठवणार, त्यात तुलेच मारून टाकलं होतं.) जो पैसे देईल त्याच्या बाजूनं लढणारे चार पहेलवान, अशी आपली कामं. तेव्हा आपण जवान होतो. आता इतक्या वर्षांनी शेठले दुसरा भाग काढायची हुक्की आली. तेच पहेलवान म्हातारे झाले आणि शेवटच्या लढाईले निघाले, अशी स्टोरी. म्हातारपणाच्या मेकअपचा खर्च वाचला, म्हणून शेठ खूश. मी म्हटलं, शेठ, नाव ‘चार भाडोत्री’ आणि आम्ही तर तिघंच उरलो, भैय्याजी पहिल्या भागात मेला ना बावा! तर म्हणे बोर्ड रंगवून झाले, पब्लिक कुठं मोजत बसते.

शूटिंग खापरखेड्याकडे एका शेतात सुरू आहे. आमची हालत काय सांगू? नत्थू यायच्या आधी त्याचं पोट येते. दादाजी एकदा वाकला की त्याले सरळ होता येत नाही (म्हणून सरपटत जायची सगळी कामं त्यालेच). आणि माह्या उजव्या गुडघ्याचं तर तुले माहीतच आहे, संडासात बसलो की उठताना देव आठवतात.

परवाच्या सीनमध्ये डाकूच्या अड्ड्यावर मागून गुपचूप जाऊन झडप घालायची होती. गेलो गा, श्वास दाबून गेलो. डाकू पाठमोरा उभा. आता धरायचं, तर दादाजीनं माती उचलून कपाळाले लावली आणि दणकन शड्डू ठोकला! त्यानं ठोकला म्हणून नत्थूनं ठोकला, आणि खरं सांगतो, माहा हात मांडीवर कधी पडला ते मलेच समजलं नाही. शड्डू ठोकल्याशिवाय आपण जनमभर कोणाच्या अंगाले हात लावला नाही, आता या वयात चोरावाणी मागून कसं धरावं? डाकू दचकून वळला. तो आपल्याच आखाड्यातला चेला. आम्हाले पाहून त्यानं बंदूक बाजूले ठेवली आणि तिघांच्याही पाया पडला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग कसाबसा शड्डू आवरला, तर नत्थूनं झडप घालायच्या आधी डाकूशी हात मिळवून सलामी दिली. तेवढ्यात ऊन गेलं आणि कॅमेरेवाल्यानं पेटी बंद केली.

शेठ असे पिसाळले की काय सांगू! म्हणे तुमच्या भरोशावर पिक्चर पडते, आता एक तर पब्लिकले थरार दाखवा, नाही तर कोणाले तरी मारून तिले रडवावं लागते. तिथं गुरांचा एक कोठा आहे. त्याच्या छपरावरून खाली धानाच्या तणसाच्या ढिगावर मी उडी मारायची. मारली तर मी शेवटपर्यंत जिवंत, नाही तर पुढच्याच सीनमध्ये गोळी खाऊन खलास. (मीच काहून? तर बाकी दोघं छपरावर चढूच शकत नाहीत.) आता तूच सांग, उडी मारली तर गुडघा जाते, नाही मारली तर मी जातो. आणि टाकीजमध्ये मले तिरडीवर पाहून कौसल्येचं काय होईल? ती माह्या साध्या सर्दीनं उपास धरते. तिले मी उडीचं सांगितलं नाही. रात्री झोप नाही, डोळा लागला की छप्पर दिसते. भीती वाटते गा भैय्याजी, खोटं कायले बोलू.

बाकी ठीक. तब्येतीले जपा, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुहा, अजून तरी जिवंत,
रामाजी

ता. क. – शेठले मी सांगून बसलो की भैय्याजीचा एक जुळा भाऊ आहे, हुबेहूब तसाच, आणि उड्या मारण्यात पटाईत. तेव्हा तू तुहा जुळा भाऊ म्हणून ताबडतोब निघ. भावाच्या खुनाचा बदला तू घेशील, चार भाडोत्री पुरे होतील, आणि उडीचंही तूच पाहून घे. गुडघे बरे आहेत ना तुहे?

ता. क. दुसरा – सिंधूताईले उडीचं बोलू नको. लग्नाले चाललो म्हणून सांग.

ता. क. तिसरा – भैय्याजी, मी कौसल्या. हे पत्र यांनी पेटीत टाकायले दिलं, आणि मी वाचलं, म्हणून टाकायचं राहूनच गेलं. (नवऱ्याचं पत्र बायकोनं वाचू नये असं कुठं लिहिलं आहे?) तुम्ही उडीची काळजी करू नका. उडी झाली, मीच मारली. यांचं धोतर नेसली, फेटा बांधला, घोंगडं पांघरलं. पाठीमागून कोणाले काय समजते? लहानपणी बापाच्या कोठ्यावरून कडबा टाकला की मी अशीच खाली येत होती. पण हे ऐकतात का? खाली तणसापाशी हात पसरून उभे, आणि घाबरू नको वं, मी झेलतो, म्हणून ओरडून राहिले. शेठ म्हणे बाजूले व्हा, कॅमेऱ्यात येऊन राहिले तुम्ही. हटलेच नाहीत. मी तणसावर पडणार होती, ती यांच्यावर पडली. मले खरचटलंसुद्धा नाही. यांचा डावा पाय मोडला, तो एकच चांगला होता.

शेठ म्हणाले, आता तर यांना गोळी मारावीच लागते. मी म्हटलं, मारून पाहा, आणि घोंगडं सोडलंच नाही. आता यांचं उरलेलं काम पाठमोरं मीच करते. शेठले ते यांच्यापेक्षा पसंत आहे, पण हे यांना सांगू नका.

तुम्ही मात्र याच. जुळा भाऊ म्हणून नको, तुम्हीच या. मी दिवसभर शूटिंगले असते, आणि घरी एकटं पडून राहायले हे भितात.