विम्यात आईचं नाव

माझ्या आईले पुण्याहून पूनमचा वाकून नमस्कार.

आम्ही इथं बरे आहोत. तुझ्या जावयाची, गोकुळची, पाठ दुखते, पण फार नाही. तुझे कारल्याचे वेल मांडवावर चढले का? हे पत्र शेजारच्या छायाकडून वाचून घे. छाया, जरा हळू वाच.

माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील नाहीतर सासू-सासरे, एकाच घरची माणसं बसतात. बदल वर्षातून एकदाच करता येते. आजवर सासू-सासरे होते. यंदा सासूबाईच म्हणाल्या, "तुझ्या आईचं नाव टाक. तिले दिसत नाही, अन् तू इथं झुरून राह्यली."

मी म्हटलं, "मग तुमच्या गुडघ्यांचं?"

"गुडघे कुठं पळून चालले?" म्हणाल्या. पण जिना चढताना त्या थांबतात, ते मले दिसते.

तुझं नाव टाकलं. कार्ड सोबत पाठवलं आहे, जपून ठेव.

मले वाटलं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनले तुले इथंच यावं लागन. तुझ्यासाठी पलंग खिडकीजवळ सरकवला होता. मग विमा कंपनीच्या फोनवर कळलं की अकोल्याच्या दवाखान्यातही हा विमा चालते. मी "बरं झालं" म्हटलं, अन् फोन ठेवून रडली.

तू अकोल्यालेच कर. नांदुऱ्याहून गाडीनं जवळ पडते, तुले त्रास होणार नाही. फक्त डोळ्याची पट्टी काढतील तवा समोर मी असावं, असं लई वाटते. सुट्टी मागितली आहे. साहेब अजून हो म्हणाले नाहीत.

तुझ्याकडे यायच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
पूनम