वेळ, दूध, लंगोट, शेरा

शनिवार, ५ डिसेंबर १९८१

आलो एकदाचे वाशीला! मी, मधुकर, दोन ट्रंका, एक गादी आणि साडेचार पौंडांच्या बाईसाहेब. बाईसाहेब परवा जन्मल्या, सिडकोच्या या ब्लॉकची किल्ली गेल्या आठवड्यात मिळाली. घर आणि मूल, दोन्ही एकदमच नवं. खाडीवरून असा वारा येतो की दोन-दोन चिमटे लावले तरी लंगोट उडून शेजारच्यांच्या गॅलरीत जातात. शेजाऱ्यांशी ओळख त्यातूनच झाली. मला आई नाही, सासूबाई देवरुखला पाय मोडून पडल्यात, तेव्हा बाळंतपण आमचं आम्हालाच निभावायचंय. बाळाच्या मालिशीला जवळच्या जुहूगावातून जाईबाई येणार आहेत.

डॉक्टरांनी बजावलंय, मुलीचं वजन फार कमी आहे. दर दोन तासांनी पाजा, किती वेळा प्यायली, किती लंगोट ओले झाले, सगळं लिहून ठेवा. मला सांगतात, लिहून ठेवा! महाप्याच्या कारखान्यात सहा वर्षं चारशे माणसांची हजेरी मांडतेय मी. एका माणसाची मांडायला काय जातंय? हे जाड रजिस्टर काढलं. पुढून माझी रोजनिशी, मागून बाईसाहेबांचा तक्ता. पट्टीने रकाने आखले : वेळ, दूध (डावीकडून की उजवीकडून), लंगोट, शेरा. महिनाभराच्या तारखा घालून टाकल्या. मधुकर म्हणाला, तिला पंचिंग कार्डही देऊन टाक.

आज सात वेळा दूध, चार लंगोट. शेरा : आवाज कंपनीच्या भोंग्याला हार जाणार नाही.

सोमवार, ७ डिसेंबर

आज पाचवी. संध्याकाळी जाईबाईंनी पाटा-वरवंटा मांडून पूजा केली. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय आहे ते लिहून जाते, म्हणून पाट्याशी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. आता कोरा कागद कुठून आणायचा? सामान अजून ट्रंकांमध्ये कोंबलेलं. मधुकरने शोधायचा कंटाळा केला आणि हे रजिस्टरच उचलून ठेवलं. निम्म्याहून अधिक कोरंच आहे की, म्हणाला. जाईबाईंना वाचता येत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मला हसू आवरेना. म्हटलं, सटवाईबाईंना सांगा, रकान्यातच लिहा, बाहेर जाऊ नका.

मंगळवार, ८ डिसेंबर

सकाळी उठल्या उठल्या वही पाहिली. पुढचे रकाने रिकामे. मधुकरला चिडवलं, तुझी लेक नशिबाशिवायच राहिली बघ. आज आठ वेळा दूध, सहा लंगोट. अंग भरतंय असं वाटतं. मी फार खूश आहे.

गुरुवार, १० डिसेंबर

एक गंमत झाली. सकाळी १०.२५ ला पाजलं आणि लिहायला वही उघडली, तर ओळ आधीच भरलेली. १०.२५, उजवीकडून. अक्षर माझंच. तिच्याखाली आणखी एक ओळ : ११.४०, लंगोट, हिरवट शी. झोपेच्या तारेत काहीतरी खरडलं असणार, असं म्हणून सोडून दिलं.

११.४० ला लंगोट बदलला. हिरवट शी.

शुक्रवार, ११ डिसेंबर

आजचं अख्खं पान भरलेलं आहे. मी लिहिलेलं नाही. काल संध्याकाळी ते कोरं होतं, मधुकरनेही पाहिलं होतं. आता त्याला दाखवलं तर म्हणतो, अक्षर तुझं आहे, तू झोप काढ जरा.

मुद्दाम लिहिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पाजायला घेतली. ओठ घट्ट मिटून घेतले. तोंडात दूध पिळलं तर बाहेर काढलं. भुकेने रडत होती तरी. १.५० ला तोंड उघडलं आणि प्यायला लागली. वहीत १.५० च आहे. डावीकडून. मी डावीकडेच घेतलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

शनिवार, १२ डिसेंबर

पानं उलटत गेले. रविवार भरलेला. सोमवार, मंगळवार भरलेले. बुधवार, १६ तारीख : शेवटची ओळ ४.१०, दुपार, दूध, डावीकडून. त्याखाली काही नाही. लंगोट नाही. गुरुवारचं पान कोरं.

पुढचं पान उलटायचा धीर झाला नाही. वही मिटून गादीखाली ठेवली. माझी पोरगी बुधवारपर्यंतच आहे का?

रविवार, १३ डिसेंबर

जाईबाईंना सांगितलं. त्यांचा तेलाचा हात बाळाच्या पोटावरच थांबला. त्या म्हणाल्या, "कोरा कागद सांगितला होता ना, बाय? तुमी रकानं मांडून दिलं. मंग ती रकान्यातच लिवनार." मी म्हटलं, पानं फाडते, बंबात घालते. त्यांनी माझं मनगट धरलं. फाडशील तर पोरीचं फाडशील, म्हणाल्या. आणि सटवाईचं लिवलेलं वाचू नये.

मग मी काय करू, म्हणून विचारलं. दुपट्यात गुंडाळून बाळ माझ्या हातात दिलं आणि लवकर गेल्या.

सोमवार, १४ डिसेंबर

दवाखान्यात नेलं. वजन पाच पौंड. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले, म्हणाले ठणठणीत आहे. मलाही तपासलं. थकवा आहे, टॉनिक घ्या. बुधवारी तिला इथे ठेवून घ्या म्हटलं, तर मधुकरकडे बघून हसले.

आज बारावा दिवस. नाव ठेवायचं होतं. मी नको म्हटलं. नाव ठेवलं आणि —

मधुकर रागावला. मग रडला. मला जवळ घेऊन म्हणाला, तुला काय होतंय ते तरी सांग. काय सांगू?

मंगळवार, १५ डिसेंबर

९.०५ उजवीकडून. ११.२० डावीकडून. १२.०० लंगोट, ओला. सगळं तसंच. एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

ती हसते आता. झोपेत. वहीत शेऱ्यात लिहिलेलं आहे, हसली. त्याच मिनिटाला हसली. मला ते हसू बघवेना.

बुधवार, १६ डिसेंबर. सकाळ

पान उलटलं. नाही राहवलं. बुधवारच्या ओळीनंतर कोरं, गुरुवार कोरा, आणि शुक्रवारी पुन्हा लिहिलेलं आहे!

जगते ती. माझी सोनी जगते.

अक्षर मधुकरचं. ते आडवं, घाईचं. डब्याचं दूध, दोन औंस. थोडं सांडलं. शेरा : रडली. मीही.

डब्याचं का? मी असताना —

वाचत गेले. आखलेली सगळी पानं भरलीत. ३१ तारखेला वजन पावणेसहा पौंड. ३ जानेवारी, शेरा : आज नाव ठेवलं. सुचित्रा.

सुचित्रा माझं नाव आहे.

दुपार, १

शेजाऱ्यांकडून मधुकरच्या कंपनीत फोन केला. पहिली पाळी तीनला सुटते. चारच्या आत ये म्हटलं, बाकी काही सांगितलं नाही. वही दाखवली तर तो मला वेड्यात काढेल, आणि मग त्याला जन्मभर —

तिला पाजूच नये का? ४.१० ला? पण ती लिहिलेल्या वेळेलाच पिते. तिला उपाशी ठेवून मला जगायचं नाही.

जगायचं आहे मला. खूप.

४.००

अजून नाही आला. दाराची कडी काढून ठेवलीय. खुर्चीवर नाही, खाली गादीवर बसलेय, भिंतीला टेकून. दोन्हीकडे उशा. माझा हात सुटला तरी ती पडायची नाही.

मधुकर, पाणी उकळून निववून घे. मनगटावर थेंब टाकून बघ. ढेकर काढल्याशिवाय आडवी करू नकोस. लंगोट उन्हातच वाळव, सावलीत नको. पुसताना कोमट पाणी. ती आधी कुरकुरते, मग रडते, कुरकुरली की लगेच घे. दोन दिवस काही लिहिलं नाहीस तरी चालेल. मग लिही.

४.०७. भूक लागलीय तिला. मूठ चोखतेय.

फार भीती वाटतेय. तिच्यासाठी नाही आता.

४.०९. डावीकडे घेतलंय. तोंड उघडलं. छातीत काहीतरी — नाही, पिऊ दे तिला — जिन्यात पावलं वाजतायत, तूच आहेस ना — मधुकर, आधी तिला उच