जूनमधली नवी चप्पल

बाबा, आज सकाळी पुन्हा दारोदार हिंडून आले. जून लागला की मराठी वर्गाच्या मास्तरणीला हेच करावं लागतं, पोरं मागत फिरायचं. ही वाट तुम्ही घालून दिलीत आणि निघून गेलात. मी ती तुडवते आहे, आणि खरं सांगू, तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

ऐंशी साल नुकतं उलटलं होतं. लोधीखेड्याजवळच्या त्या गावात तुमची शाळा, एका खोलीत हिंदीचा वर्ग, दुसऱ्या खोलीत मराठीचा. पोरं कमी पडली तर मराठीची खोली बंद होणार, म्हणून शाळा उघडायच्या आधी तुम्ही घरोघर जायचात, आणि सोबत मला न्यायचात. गावात सगळे मराठीच बोलायचे, पण राज्य हिंदीवाल्यांचं, म्हणून सरकार हिंदी, नोकरी हिंदी. लोक तोंडावर म्हणायचे, "गुरुजी, मराठी शिकून पोट्टं करन काय?" तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे सरकवायचात. "हे पाहा, माही पोरगी. म्या मराठीतच टाकली. माह्यापेक्षा जास्त तं तुम्हाले काळजी नाही न तिची?" मग मी कविता म्हणून दाखवायची. संत्रेवाला गिऱ्हाइकाला एक फोड चाखायला देतो ना, ती फोड मी. या फेरीआधी मला नवी चप्पल मिळायची, जामसांवलीच्या देवळाबाहेरच्या दुकानातली. आपण बौद्ध माणसं, देवळात जात नव्हतो, चपलेपुरते तिथवर जायचो. भीमजयंतीला कधी चप्पल आली नाही, जूनमध्येच यायची. आई चिडायची, "पोरीले काहून उन्हात हिंडवून राहिले? नोकरी तुमची हाये, तिची नाही." तुम्ही हसून सायकल काढायचात. मी मागच्या कॅरिअरवर बसून माझ्या पायांकडे बघत यायची, आणि मला किती मिरवल्यासारखं वाटायचं!

पाचवी झाली तेव्हा मामा आला. हिला पांढुर्ण्याला माझ्या घरी ठेवतो, माझ्या पोरांबरोबर हिंदी शाळेत जाईल, असं म्हणाला. मला जायचं होतं. तुम्ही जेवत होतात. मी नुसतं म्हटलं, "बाबा, जाऊ का?" तुम्ही घास खाली ठेवलात. "तू गेली तं बाकीच्यायले कोणत्या तोंडानं सांगू? वर्ग बंद पाडतं का माहा?" मामा एकटाच परत गेला, आणि मी पुढची शाळाही मराठीतच केली. त्या दिवसापासून तुमचा वर्ग म्हणजे माझ्या गळ्यातलं लोढणं झाला. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं एकेक करून हिंदीत निघून गेली, त्यांच्या बापांना कोण अडवणार. अडकली ती गुरुजींची पोरगी.

मी नववीत असताना काविळीनं तुम्ही गेलात. आई संत्र्याच्या तोडणीला जाऊ लागली, तिच्या हातांना सालीचा वास कायमचा बसला. पुढे छिंदवाड्याला कॉलेजात उभं राहून हिंदीत उत्तर द्यायचं म्हटलं की मी शब्दाशब्दाला अडखळायची. मुली हसायच्या, "ये तो मराठी में सोच के बोलती है." खरंच तसं होतं. एक वर्ष नापास झाले. त्या वर्षी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की तुम्ही असतात तर सायकल घेऊन तसेच निघून गेला असतात. तरी घासून घासून शिकले, शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी मास्तरीण झाले, आणि नशिबाचा खेळ बघा, नेमणूक मिळाली तुमच्याच मराठीच्या खोलीत. लोक म्हणतात, बापाचं नाव राखलं. मी हसते. दुसरी नोकरी मिळाली असती तर राखलं नसतं.

आता आजचं सांगते. दारात कडुनिंब आहे त्या घरी गेले होते, तुम्ही जिथे ताक प्यायचात तिथे. दार उघडलं त्या घरच्या मुलीनं. माझ्याहून लहान, यंदाच नवऱ्यासकट माहेरी राहायला आलेली. शाळेच्या वयाला आलेली धाकटी पोर अजून तिच्या कडेवरच होती. माझ्याकडे बघून ती एकदम हसली. "तुम्ही तं गुरुजींच्या! लाल चपला घालून आल्या होत्या. तुम्हाले पाहूनच मायनं मले मराठीत टाकलं. आता मी तुमची पाहून माही टाकतो. कोठी हाये तुमची पोरगी?"

माझी मुलगी सौंसरच्या इंग्रजी शाळेत आहे, बाबा. पिवळी बस दारात येते. तुम्हाला काय वाटेल याचा विचार न करता मी तिला तिथे घातलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण खोलीला यंदाही पोरं कमी आहेत, आणि त्या बाईच्या कडेवर एक पोर होती. मी म्हणाले, "मराठीतच आहे न. आज अंग गरम होतं तिचं. उद्या आणते."

परतताना जामसांवलीला उतरले आणि लेकीच्या मापाची चप्पल घेतली. तीही लालच मिळाली. तुम्ही निदान जे दाखवायचात ते खरं तरी होतं. चप्पल घालून बघताना लेक खूश झाली, घरभर टकटक करत फिरली. तिला उद्या कुठे नेणार आहे ते सांगितलं नाही, येशील का म्हणून विचारलंही नाही. तुम्ही मला कधी विचारलं होतं?