वांग्याच्या रोपावरचे टोमॅटो

दि. ९ ऑक्टोबर

ती. ताई यांस,

सादर नमस्कार. आपले पत्र पोहोचले. येथे सर्व कुशल आहे. आपण जिला लाडाने चिंगी म्हणता ती वेळेवर जेवते, शाळेत जाते. खोकलाही गेला आहे. परसातल्या वाफ्याला ती आजही स्वतःच्या डब्याने पाणी घालते. तो वाफा आपल्या बहिणीने आखला होता. बी रुजलेले पाहायला ती राहिली नाही, हे आपण जाणताच.

सुट्टीत मुलीला आपल्याकडे पाठवावे, ही आपली विनंती मला मान्य करता येत नाही. कारण स्पष्ट लिहिणे बरे.

गेल्या खेपेस आपण पहाटे उठून बाजारातले लाल टोमॅटो रोपाला दोऱ्याने बांधलेत. मुलीला हाताला धरून तिथे नेलेत आणि हे तुझ्या आईने पाठवले, असे सांगितलेत. आपला हेतू चांगला होता, हे मला कोणी समजावायला नको. मात्र ते रोप वांग्याचे होते. जन्मभर मंडईतून भाजी आणणाऱ्या बाईला वांग्याचे पान ओळखता येऊ नये, याचे मला हसू आले. दोरा माझ्या पत्नीच्या शिवणाच्या डब्यातला आहे हे ओळखले, तेव्हा ते जिरले. तो डबा मी अजून उघडलेला नाही.

आपली गाडी सुटताच मी मुलीला वाफ्यापाशी उभे केले. एकेक दोरा तिच्यादेखत कात्रीने कापला. मावशी खोटे बोलली, मेलेले माणूस काही पाठवत नसते, हे तिला शांतपणे सांगितले. मूल पाच वर्षांचे असले तरी त्याला खरे कळावे, या मताचा मी आहे.

ती रडली नाही. पडलेले टोमॅटो तिने फ्रॉकमध्ये गोळा केले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "टोमॅटोच्या पानाला वास येतो. पण मावशी किती खूश झाली होती." मग एक टोमॅटो पुसत म्हणाली, "आई बरी होऊन घरी येणार, असं तुम्ही सांगायचात ना बाबा, तेव्हापण माहीत होतं."

मी तिला हात धुवायला पाठवले.

पुढे त्याच रोपाला पहिले वांगे धरले. ते मावशीचे, असे ठरवून तिने भोवती काटक्यांचे कुंपण केले आणि त्याला हात न लावण्याची मला ताकीद दिली. गेल्या रविवारी ते तोडून, आपल्याला पाठवण्यासाठी माझ्या स्वाधीन केले.

ते मी दोन दिवसांनी भाजून खाल्ले. कडू निघाले. ती शाळेतून आल्यावर तिला सांगितले, की वांगे पोहोचले आणि मावशीला फार आवडले. तिने ओट्यावरच्या जळक्या सालीकडे पाहिले. "बरं झालं," म्हणाली, आणि डबा घेऊन वाफ्याकडे गेली.

तेव्हा या सुट्टीत नाही, आणि पुढेही नाही. आपल्याकडे आली तरी ती आपल्याला खूश ठेवत बसेल. ते काम तिला येथे पुरेसे आहे.

वांगे मिळाले नाही, असे तिला कधीही कळवू नये.

आपल्या बहिणीचा,
अजूनही,
पती