पंच म्हणून थांबाल का

बडोदे,
फेब्रुवारी १९९८

प्रिय राजवर्धन,

तुझ्या कचेरीपासून माझं घर रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि आई पोस्टानं पत्र पाठवते, याचं तुझ्या शिपायालासुद्धा हसू येईल. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि घरी आलास की चहा संपायच्या आत पंख्याकडे बघायला लागतोस. कागद मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. शिवाय दिवसभर गुजराती वाचून आणि लिहून तुझ्या मराठीला गंज चढला असणार, तो थोडा घासला जाईल. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत असले तरी तुझे मराठीचे निबंध मीच तपासायचे हे विसरू नकोस.

इकडे सगळं ठीक. समोरच्या भिंतीवर किरीटभाईंचं पोस्टर लागलंय, हात जोडलेलं. दार उघडलं की पहिलं दर्शन त्यांचंच. औषधाचा कारखाना चालवणारा माणूस आमदार झाला तर आरोग्य खातं आपोआप सुधारेल, असं परवा तुझ्याच पेपरात कुणीतरी लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला तो विनोद वाटला. त्याच पानावर खाली त्यांच्याच ओजसदीप फार्माची अर्धं पान जाहिरात होती, गुटगुटीत बाळाची. आणि येत्या गुरुवारी न्यायमंदिरात त्याच ओजसदीपच्या खटल्यात माझी साक्ष आहे. ती होऊ नये अशी बऱ्याच लोकांची इच्छा आहे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

तुला त्या दिवसाबद्दल मी कधी नीट सांगितलंच नाही. शहाण्णवचा उन्हाळा होता. मी रावपुऱ्यात नंदूच्या दुकानात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले होते. डभोईकडे मुलं दगावताहेत ही बातमी तेव्हा नुकती कानावर यायला लागली होती. तेवढ्यात औषध खात्याचे इन्स्पेक्टर रमाकांत आत आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कापडी पिशवी. तापाच्या सिरपचे नमुने घ्यायचेत, दोन पंच लागतील, असं त्यांनी म्हटलं मात्र, आणि दुकानातलं गिऱ्हाईक असं पांगलं की विचारू नकोस. एकाला बस पकडायची होती, एकाचं दूध उतू जात होतं. आखाड्याजवळचे धनाजीराव तेवढे अडकले, कारण त्यांचं प्रिस्क्रिप्शन नंदूच्या हातात होतं. मग रमाकांतनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, पंच म्हणून थांबाल का?" मी स्टुलावर बसले. शाळेत आयुष्यभर पोरांना प्रयोग करताना बघत आले होते. आणखी एक बघायला माझं काय जात होतं.

त्यांनी आपली पिशवी माझ्या मांडीवर दिली. दुकानात ठेवायला जागा नव्हती आणि जमिनीवर नंदूनं नुकतंच पाणी शिंपडलं होतं. पिशवीत मेणबत्ती, काडेपेटी, लाखेची कांडी, सुतळी, खाकी कागद आणि त्यांच्या बायकोनं दिलेला जेवणाचा डबा होता. लागेल ती वस्तू ते मागायचे आणि मी काढून द्यायचे. बाटल्या नंदूनं स्वतः फळीवरून उतरवल्या. जलारामबापाच्या तसबिरीखालची फळी. पुढे ग्लुकोजचे डबे होते, ते त्याला बाजूला करावे लागले. चार बाटल्या. एक दुकानदाराला, एक सरकारी तपासणीला, एक कोर्टाला, एक कंपनीला, असा कायदा असतो, ते मी विचारून घेतलं. प्रत्येक बाटली कागदात गुंडाळायची, सुतळी बांधायची, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा आणि चिठ्ठीवर पंचांनी सही करायची. पंख्यानं मेणबत्ती विझत होती म्हणून नंदूनं पंखा बंद केला. धनाजीराव उकाड्यानं कुरकुरायला लागले आणि त्यांनी चारही चिठ्ठ्यांवर न वाचता सह्या ठोकल्या. मी वाचून केल्या. हे सगळं इतक्या बारकाईनं का सांगते आहे असं तुला वाटेल. वाटू दे.

त्या सिरपमध्ये काय निघालं ते तुला माहीत आहे. औषध पातळ आणि गोड राहावं म्हणून जे द्रावण घालतात, त्याच्या जागी तसंच दिसणारं, तसंच गोड लागणारं, गाड्यांच्या रेडिएटरसाठी वापरतात तसलं स्वस्त रसायन. ते पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. आधी मुलाची लघवी बंद होते, मग तोंड सुजतं. हे मी अकरावीच्या वर्गाला शिकवताना फळ्यावर सूत्र लिहून मोकळी व्हायचे. तेव्हा ते फक्त सूत्र होतं.

तू पाच वर्षांचा असताना तुला विषमज्वर झाला होता. औषध कडू होतं आणि तू दात आवळून बसायचास. तुझे बाबा कोयलीच्या रिफायनरीतून पाळी संपवून यायचे, तुला धरायचे, आणि मी चमचा पुढे करून म्हणायचे, शहाण्यासारखं घे बाळा, आईनं दिलंय ना. मग तू तोंड उघडायचास. औषधावर तुझा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. डभोईच्या बायकांनीही तेच केलं असणार. आणि ते सिरप तर गोड होतं. पोरांनी चमचा चाटून पुसून घेतला असेल, वर आणखी मागितलं असेल. राजू, मला आजही चमच्यात काही ओतताना हे आठवतं आणि हात थांबतो.

हे मला कुणी सांगितलं? तूच. तू तेव्हा साधा वार्ताहर होतास. दोन दिवस डभोईकडच्या गावांत फिरून संध्याकाळी सरळ माझ्याकडे आलास, बूटही न काढता. मी शेव-उसळ गरम केली, ती तू तशीच ठेवलीस. मग पिशवीतून कागद काढून तू मला तुझी बातमी वाचून दाखवलीस, गुजरातीतली, एकेक वाक्य मराठी करत. एका बाईनं बाटली तुझ्यापुढे धरून विचारलं होतं, "साहेब, आमां शुं हतुं?" यात काय होतं म्हणून. त्या वाक्याशी तू कागद खाली ठेवलास. मला इतका अभिमान वाटला होता तुझा की तुझे बाबा हवे होते असं मनात आलं. ती बातमी आली नाही. तिच्या जागी डभोई तालुक्यात दूषित पाण्यानं मुलं दगावल्याची बातमी आली, आणि नगरपालिकेनं विहिरींत औषध टाकल्याचा फोटो. पुढच्याच आठवड्यात किरीटभाईंच्या खर्चानं तुमची रंगीत आरोग्य पुरवणी सुरू झाली. तू चार दिवस घरी आला नाहीस. दिवाळीनंतर तू निवासी संपादक झालास. मी पेढे वाटले, आणि वाटताना मला काही कळत नव्हतं असं समजू नकोस.

सरकारी प्रयोगशाळेनं विष असल्याचं कळवलं. कारखान्याचा परवाना थांबला, आणि गांधीनगरहून एक फोन आल्यावर पुन्हा सुरू झाला. रमाकांतचे वरिष्ठ निवृत्त झाले आणि निरोपाचा हार सुकायच्या आत ओजसदीपमध्ये सल्लागार म्हणून जाऊन बसले. रमाकांतची बदली भुजला झाली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तुझ्या पेपरानं पहिल्या पानावर छापलं की हा अधिकारी लांचिया, म्हणजे लाचखाऊ आहे, कंपनीकडे पैसे मागत होता, ते मिळाले नाहीत म्हणून त्यानं घरून आणलेल्या भेसळीच्या बाटल्या दुकानात दाखवल्या. बातमीखाली नाव नव्हतं. भाषा मात्र मी ओळखली. तू शब्द कुठे थांबवतोस हे मला तुझ्या तिसरीपासून माहीत आहे. रमाकांत निलंबित झाले. त्यांच्या मुलीची सोयरीक मोडली. मागच्या महिन्यात ते मला सुरसागर तलावाच्या पाळीवर भेटले तर मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनीच बाई म्हणून हाक मारली. तक्रार एका शब्दानं केली नाही. फक्त विचारलं की गुरुवारी येणार ना. मी हो म्हटलं.

किरीटभाई स्वतःही येऊन गेले, तुला सांगितलं नव्हतं. पायांना हात लावला. म्हणाले, "बा, आ उंमरे कोर्टना धक्का शा माटे खावा?" या वयात कोर्टाचे हेलपाटे कशाला. मग अगदी मायेनं म्हणाले की इतक्या दिवसांनंतर कोणाला काय आठवतं, आणि नाही आठवलं तर त्यात कसला गुन्हा. माणूस गोड आहे. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला नाही. कोर्टातली बाटली फेरतपासणीला कलकत्त्याला पाठवायचा अर्ज कंपनीनंच केला होता आणि तारखा पण त्यांनीच वाढवून घेतल्या. बाटली निघाली तेव्हा औषधाची मुदत संपलेली. आता त्या तपासणीला काही अर्थ उरला नाही. नंदू सांगतो की बाटल्या इन्स्पेक्टरच्या पिशवीतून निघाल्या. त्याला दुकान चालवायचंय. धनाजीराव सांगतात, मी सही केली, बघितलं काही नाही. ते निदान अर्धं खरं आहे. आता त्या पिशवीत काय होतं आणि काय नव्हतं हे सांगणारं माणूस एकच राहिलंय, ज्याच्या मांडीवर ती होती ते.

या गेल्या दिवाळीत तू मला तुझ्या डॉक्टर मित्राकडे घेऊन गेलास. म्हणालास, या वयात एकदा सगळं तपासून घ्यावं. मला बरं वाटलं, खरं सांगते; कितीतरी दिवसांनी तू माझा हात धरून रस्ता ओलांडून दिलास. डॉक्टरांनी रक्तदाब बघायच्या आधी वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पंतप्रधान कोण ते विचारलं. पंतप्रधान इतक्या भराभर बदलत होते की मी क्षणभर थांबले, आणि हसून म्हटलं, सकाळचा पेपर बघून सांगते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

काल सरकारी वकील मृदुलाबेननी मला बोलावून घेतलं. पोरगी लहान आहे, पण हुशार आहे. बचाव पक्षाचा अर्ज आलाय, म्हणाली, की साक्षीदार अहल्याबाई यांची स्मृती भ्रष्ट झाली असल्यानं त्यांची साक्ष घेऊ नये. सोबत त्या डॉक्टरचा दाखला, आणि त्यावर तुझं प्रतिज्ञापत्र. आई गॅस उघडा टाकते. सुरसागरवरून घरी यायचा रस्ता चुकते. आणि मला मुलगा म्हणून न ओळखता वारंवार 'जयवंतराव' अशी माझ्या दिवंगत वडिलांच्या नावानं हाक मारते. खाली तुझी सही. मृदुलाबेन माझ्याकडे बघत होती, मी रडेन म्हणून. मला आधी हसू आलं. राजू, मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच, नंतर तुझ्या बाबांचं नाव माझ्या तोंडून कधी कुणी ऐकलंय का? रेशनकार्डाच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की मी तुला पुढे करायचे आणि तू छाती फुगवून सांगायचास. हे वाक्य आपल्या घरातला माणूस लिहूच शकत नाही. ते कुण्या वकिलानं लिहिलं आणि तू धनाजीरावांसारखी न वाचता सही केलीस. निदान मला तसंच धरून चालायचंय, कारण वाचून केली असशील तर मग मला काही बोलायचंच उरत नाही. घरी आले तेव्हा मात्र रडले. पुष्कळ रडले.

तर हे पत्र म्हणून. मी काय काय विसरले ते यात बघ. फळी, मेणबत्ती, पिशवीतला डबा, तुझी न आलेली बातमी, ती बाटली धरून उभी असलेली बाई, सगळं जसं आठवलं तसं लिहिलंय. याचीच एक प्रत आज सकाळी मी मृदुलाबेनकडे दिली. ती म्हणते, प्रतिज्ञापत्र केलंस म्हणून उलटतपासणीला तुला यावं लागेल, माझ्या साक्षीच्या आधी, आणि तेव्हा ती हे पत्र तुझ्या हातात देऊन एकच प्रश्न विचारणार आहे: यातलं कोणतं वाक्य तुमच्या आईला चुकीचं आठवतंय? तो प्रश्न तिथे पहिल्यांदा ऐकावा लागू नये म्हणून तुला आधी कळवते. आई म्हणून एवढंच करू शकते. तू एखादं दाखवलंस तर मी वेडी ठरेन, एकही नाही म्हणालास तर तुझी खुर्ची जाईल. त्या बाईनं विचारलेलं तू मला घरी वाचून दाखवलं होतंस, ते मी स्वप्नात ऐकलं असं तुला शपथेवर सांगायचं असेल तर सांग. मी समोरच्या बाकावर बसलेली असेन आणि तुझ्याकडेच बघत असेन.

तुझीच, कोर्टात काहीही ठरलं तरी,
आई