गोलरक्षकाचं नाव

मेल्डा,

होनियारा शहरात मी सुखरूप आहे, जेवण पोटभर मिळतं. आपल्या टोबीचा खोकला गेला का? अळकुड्या काढायला तुझ्या आईला एकटीला पाठवू नकोस.

फक्त फुटबॉल प्रशिक्षकाच्या परीक्षेचं अडलंय. सामना चालू असताना खेळाडूंना नावानं हाक मारून सूचना द्यायच्या असतात. आणि मला दिलेल्या संघात गोलरक्षक कोण, तर तुझा थोरला भाऊ. आपल्या रीतीत वर्ज्य असलेलं मेहुण्याचं नाव तोंडातून काढलं, तर तुझी माणसं दंड म्हणून डुक्कर घेतल्याशिवाय सोडतील का? मी नुसता हात हलवत राहिलो, तोही बिचारा खाली मान घालून उभा. धडाधड गोल झाले.

न्यूझीलंडचे परीक्षक म्हणाले, "गोलरक्षकाशी भांडण आहे का तुझं?"

"नाही साहेब, सोयरीक आहे."

त्यांना काही उमगलं नाही. उद्या शेवटची संधी आहे आणि संघ तोच. नापास होऊन आलो तर गावच्या पोरांना काय तोंड दाखवू?

काय करावं, सुचत नाही गं. तुझ्या आईला एवढंच सांग, या पत्रातसुद्धा मी त्याचं नाव लिहिलेलं नाही.

तुझाच,
बेडली