रागाला दहापैकी किती

३ मार्च, सायंकाळी ७
आजपासून थेरपी. गरज मला नाहीच. माझे कान ठणठणीत आहेत, लोकांचे जबडे बिघडलेत. पण हिने निक्षून सांगितलं, खाण्याच्या आवाजावरून रोजची कटकट आता पुरे, काहीतरी उपाय करा. गेल्या महिन्यात मी फक्त अकरा वेळा ताटावरून उठलो. एवढ्यावरून!

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. गृहपाठ दिला : रोज हिच्यासमोर बसून पूर्ण जेवायचं. उठायचं नाही, टोकायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत. मग रागाला दहापैकी आकडा द्यायचा. बावीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. माझ्या नुसत्या बघण्याने वाचक खोकला गिळतात. आणि ह्या मला संयम शिकवणार!

४ मार्च
टोस्ट. आकडा : नऊ. दहा झाला असता, पण मुळात मी शांत स्वभावाचा.

५ मार्च
गाजर. तेही कच्चं! मुद्दामच. श्वास मोजत बसलो. चौदाव्याला तोंडून गेलंच, अगं हळू. ही सूचना, टोकणं नव्हे. आकडा नऊ. साडेआठ लिहिला.

७ मार्च
नामी युक्ती. औषधाच्या दुकानातून कानात घालायचे बोळे आणले. वर कानटोपी. सर्दी झाली म्हणून सांगितलं. ही समोर सफरचंद खात होती, जणू मूकपट. जेवताना किती छान दिसते! आकडा : दोन. यात फसवणूक कसली? तात्पुरता आधार.

१२ मार्च
सलग सहा दिवस दोन. उद्या मॅडमच्या तोंडावर वही फेकतो. आज जेवताना ही बराच वेळ बोलत होती. डोळे भरून आलेले. कौतुकच असणार. मी छान हसलो, दोनदा मान डोलावली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. जमतं मला हे.

१३ मार्च, सायंकाळी ६
मॅडमनी हिलाही बोलावलं होतं. विचारलं, फरक वाटतो का. ही म्हणाली, खूपच. काल धीर करून यांना सांगितलं, की तुमच्यासमोर घास उतरत नाही, भीती वाटते, दोन वर्षांत जेवणाची चव कळलेली नाही. यापुढे मी स्वयंपाकघरात एकटीच जेवू का? तर हे हसून हो म्हणाले. पहिल्यांदाच माझं नीट ऐकून घेतलं यांनी.

मॅडमना भरून आलं. म्हणाल्या, फार मोठी प्रगती.

बोळ्यांचं सांगायला तोंड उघडलं. पण ही इतक्या मायेने बघत होती, की परत मिटलं.

१४ मार्च
एकटाच जेवलो. कानात काही नाही. आत ही गुणगुणत जेवत होती, दार लोटून. कान देऊन बसलो, चावण्याचा आवाज काही येईना. शेवटी उठून दाराशी गेलो. ही म्हणाली, काही हवंय का.

म्हटलं, मीठ. मीठ टेबलावरच होतं.